मर्जी आणि माप : दिल्लीतील मराठी अर्थसल्लागारांचा मागोवा

गणेशोत्सवात आरती आटोपून पंगत बसली, की आपल्या मंडळाच्या आवारात एक तक्रार हमखास ऐकू येते. मंडळ स्थापन झाले त्या दिवसांत ती होती आणि आज सुवर्णमहोत्सवाच्या मांडवातही ती आहे. तक्रार अशी की, दिल्लीत मराठी माणसाचे वजन पडत नाही. इतर प्रांतांची माणसे येथे आली म्हणजे आपल्या प्रांतासाठी काही ना काही पदरात पाडून घेतात. आपली माणसे मात्र मोठमोठ्या खुर्च्यांवर बसूनही रिकाम्या हातांनी पुण्या-मुंबईस परत जातात. या तक्रारीत तथ्य किती आणि वैताग किती, याचा एकदा शांतपणे विचार करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहावयास आम्ही प्रवृत्त झालो आहोत.

मराठी माणूस दिल्लीस प्रथम आला तो घोड्यावर बसून. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि तो अध्याय संपला. नोएडात राहणाऱ्या आपल्या सभासदांनी तेथील गोल्फ मैदानात उभा असलेला त्या लढाईचा स्मारकस्तंभ कदाचित पाहिला असेल. पुढे शंभर वर्षांनी मराठी माणूस राज्यकर्त्यांसमोर पुन्हा उभा राहिला, परंतु आता त्याच्या हातात तलवार नव्हती. आकड्यांचा कागद होता. देशाचा पैसा कसा उभारावा, कसा वाटावा, जगात उठलेल्या वादळांपासून तो कसा राखावा, याविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या मराठी माणसांची एक सलग परंपरा त्यानंतर निर्माण झाली. त्या परंपरेतील सर्वांचा समाचार येथे घेणे शक्य नाही. ज्यांच्या कार्यातून एक सूत्र स्पष्ट दिसते, अशा मोजक्यांचाच आम्ही विचार करणार आहोत.

पूर्वरंग : कलकत्ता

परंपरेचा आरंभ दिल्लीत नव्हे, कलकत्त्यात झाला. कारण १९११ पर्यंत राजधानी तेथे होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देऊन हिंदुस्थानच्या खर्चाची चिकित्सा केली होतीच. मार्च १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकार त्या वेळी मोठ्या अभिमानाने शिल्लक दाखवीत होते. खजिन्यात शिल्लक आहे, त्याअर्थी प्रजा सुखात आहे, असा युक्तिवाद होता. गोखल्यांनी तोच उलटा केला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी रयत पिचून गेली असताना खजिन्यात शिल्लक कशी पडते? रुपयाची किंमत कृत्रिम रीतीने चढवून १ शिलिंग ४ पेन्सवर नेली गेली. त्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमेला पूर्वीपेक्षा कमी रुपये लागू लागले. परंतु रुपया स्वस्त असताना बसवलेले कर मात्र तसेच चालू राहिले. म्हणजे ही शिल्लक सुबत्तेची नव्हे. प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्याची ती पावती होय.

या भाषणात आवेश कमी आणि हिशेब अधिक होता. म्हणूनच ते खोडून काढणे सरकारला जड गेले. मिठावरील कर १९०३ मध्ये मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयापर्यंत उतरला. याचे सारे श्रेय एका भाषणास देणे इतिहासाला धरून होणार नाही; परंतु सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून सरकारला विचारावयास लावण्याची रीत गोखल्यांनी घालून दिली, हे निःसंशय.

या रीतीला शास्त्राची बैठक दिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. नाणेशास्त्राची गुंतागुंत बाजूस ठेवली, तर त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा कोणाही गृहिणीला कळेल असा आहे. चलन किती काढावे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडले, तर ते सोयीप्रमाणे वाढवले जाणार. ते वाढले की किमती चढणार, आणि मजुरी काही त्या वेगाने चढत नाही, म्हणून भुर्दंड गरिबाला बसणार. यास्तव चलनाला नियमाचा बांध हवा. अधिकारी सज्जन आहे की नाही, हा प्रश्नच नाही; सज्जनाच्या मर्जीपेक्षाही नियम बरा, ही बाबासाहेबांची भूमिका. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री या नात्याने ते दिल्लीत होते. १९४३ च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार आला तो याच काळात.

मर्जीच्या जागी माप, हेच ते सूत्र. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे; पुढील सर्व कथा त्याभोवती फिरणार आहे.

रोह्याचा विद्यार्थी, ब्रेटन वुड्सचा प्रतिनिधी

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली आणि पुढे आय.सी.एस.च्या परीक्षेतही प्रथम क्रमांक मिळवला. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणाऱ्या या रसिक पंडिताच्या वाट्याला आलेला काळ मात्र रसिकतेला पारखा होता.

महायुद्ध चालू होते. ब्रिटिश सरकार लष्करासाठी हिंदुस्थानात अफाट खरेदी करीत होते आणि तिची किंमत रोख न देता लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा करीत होते. त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. म्हणजे माल गेला बाहेर आणि हाती राहिला कागद. धान्याच्या किमती भडकल्या. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. युद्ध संपले तेव्हा या पौंडशिलकीचा आकडा सुमारे १३० कोटी पौंडांवर पोहोचला होता. एक अर्धपोटी देश साम्राज्याचा सावकार बनला होता, आणि ऋणको स्वतःच धनकोवर राज्य करीत होता!

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. युद्धोत्तर जगाची आर्थिक घडी तेथे बसवावयाची होती. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेते इंग्रज अर्थमंत्री सर जेरेमी रेसमन होते; परंतु त्यात चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे हिंदी सभासदही होते. आमच्या पौंडशिलकीचा काही भाग तरी इतर देशांच्या चलनात बदलता यावा, त्याची सोय नव्या नाणेनिधीने करावी, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. युद्धातील देणी हा संबंधित देशांचा आपापसांतला प्रश्न आहे, असे ब्रिटनच्या वतीने केन्स यांनी सांगितले. मागासलेल्या देशांच्या विकासाचा स्पष्ट उच्चार निधीच्या उद्दिष्टांत व्हावा, हीही मागणी होती. ती शब्दशः स्वीकारली गेली नाही. तथापि सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख उद्दिष्टांत आला. वर्गणीच्या क्रमवारीत हिंदुस्थान सहावा होता. सोव्हिएत रशिया निधीत सामील झाला नाही, त्यामुळे पाचव्या स्थानावर येऊन त्याला कार्यकारी मंडळात हक्काची जागा मिळाली. परतंत्र देशाला जगाच्या तिजोरीजवळ मिळालेली ती जागा होती. अर्ध्या शतकानंतर, १९९९ ते २००२ या काळात, त्याच मंडळात भारताच्या वतीने आणखी एक मराठी अर्थतज्ज्ञ, विजय केळकर, बसले.

१ जून १९५० रोजी चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री झाले. नियोजन मंडळाचे सभासद ते होतेच. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध भडकले आणि कच्च्या मालाच्या किमती जगभर उसळल्या. नवजात प्रजासत्ताकाला ती पहिली जागतिक झळ होती. चिंतामणरावांनी हात आखडता ठेवला. नोव्हेंबर १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपला दर तीनवरून साडेतीन टक्क्यांवर नेला. पहिली पंचवार्षिक योजनाही आटोपशीर राखली गेली. दोन बऱ्या पावसाळ्यांचे साहाय्य मिळाले हे खरे. परंतु १९५६ साली योजना संपली तेव्हा किमती आरंभापेक्षा खाली होत्या, असे भाग्य पुढील कोणत्याच योजनेला लाभले नाही.

राजीनाम्याचा अर्थ

जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते, परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून त्यांनी पद सोडले, एवढेच आपण मुलांना सांगतो. ते खरेच आहे. कुलाब्याचे ते लोकसभेतील प्रतिनिधी होते आणि मुंबईविषयी त्यांची भावना तीव्र होती. परंतु लोकसभेतील त्यांच्या निवेदनाचा रोख भावनेवर नव्हता. मुंबई केंद्रशासित राहील ही घोषणा मंत्रिमंडळाशी रीतसर विचारविनिमय न करता झाली, हा त्यांचा एक आक्षेप होता. मुंबईतील गोळीबारात माणसे मारली गेली, तिची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. दोन्ही आक्षेप एकाच जातीचे आहेत. निर्णय कोणाच्या मर्जीने झाला आणि कोणत्या पद्धतीने व्हावयास हवा होता, हा त्यांचा प्रश्न होता. नाणेनीतीत जो माणूस नियम मागत होता, तोच राजनीतीतही नियमच मागत होता.

पद सोडल्यावर दिल्ली त्यांनी सोडली नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. लोदी उद्यानाशेजारचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर १९६२ मध्ये सुरू झाले, त्याचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. सरकारबाहेर राहून सरकारला चार शब्द सुनावता यावेत अशी जागा राजधानीत असावी, ही त्यामागील दृष्टी. तेथील सभागृहाला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई या स्वतः नियोजन मंडळाच्या सभासद होत्या. मेट्रोने साऊथ कॅम्पसकडे जाताना आपण रोज त्यांच्या नावाच्या स्थानकावरून जातो.

योजना भवनातील सूत्र

आता आमच्या मते या परंपरेच्या मध्यभागी असलेल्या पुरुषाकडे येऊ. धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म १९०१ मध्ये नाशिक येथे झाला. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यास गोखल्यांच्या नावाने अर्थशास्त्राची संस्था निघाली. तिचे पहिले संचालक गाडगीळ होते आणि १९६६ पर्यंत ते तेथेच राहिले. या संस्थेची शिस्त निराळी होती. सिद्धान्त मांडण्यापूर्वी घरोघर जाऊन विचारावयाचे, असा तिचा दंडक. वाई तालुक्यातील शेती, पुणे शहरातील कुटुंबे, पुण्यातील फळांचा बाजार, यांच्या पाहण्या तिने केल्या. धनंजयराव केवळ पाहणी करून थांबले नाहीत. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्षपद या पुणेकर प्राध्यापकाने स्वीकारले. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीत ते होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने एक कटू सत्य उघड केले : शेतकऱ्याला मिळणाऱ्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के. पन्नास वर्षे सहकाराचा जयजयकार चालला होता. मोजून पाहिले तेव्हा भोपळा फुटला. परंतु समितीने सहकार मोडीत काढला नाही. त्यात सरकारने भागीदार व्हावे आणि खेड्यापर्यंत पोहोचणारी सरकारी बँक काढावी, अशी शिफारस केली. त्यातून १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक जन्मास आली. शिफारस करणाऱ्यांत गाडगीळ आणि कायदा करून घेणारे अर्थमंत्री देशमुख, असा हा योग होता.

सप्टेंबर १९६७ मध्ये धनंजयराव नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होऊन योजना भवनात आले. वेळ कठीण होती. १९६५ चे युद्ध होऊन गेले होते आणि परकीय मदत आटली होती. लागोपाठ दोन वर्षे अवर्षण पडून देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला होता. चौथी योजना पुढे ढकलली गेली होती. त्यात भर म्हणून १९६७ च्या निवडणुकांनंतर मद्रास, केरळ, पश्चिम बंगाल, पंजाब, बिहार, ओरिसा येथे काँग्रेसेतर सरकारे आली. तोवर योजनेसाठी राज्यांना मिळणारी केंद्राची मदत योजनागणिक, वाटाघाटीतून ठरत असे. ज्या मुख्यमंत्र्याचे दिल्लीत वजन, त्याची झोळी भरे. जोवर सर्वत्र एकच पक्ष होता, तोवर हे घरातले भांडण म्हणून खपून गेले. आता ते खपणारे नव्हते. मदत कोणाला व किती, याचे उत्तर मर्जीवर राहिले असते, तर संघराज्यालाच तडा गेला असता.

या प्रसंगी जे वाटपसूत्र ठरले आणि राष्ट्रीय विकास परिषदेने मान्य केले, ते गाडगीळ सूत्र म्हणून प्रसिद्ध आहे. १९६९ ते १९७४ च्या चौथ्या योजनेपासून ते लागू झाले. आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर या राज्यांच्या गरजा प्रथम बाजूला काढावयाच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात. १० टक्के ज्या राज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी, केवळ त्यांना. १० टक्के करवसुलीतील प्रयत्नानुसार. १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज योजनांसाठी. आणि १० टक्के विशेष अडचणींसाठी. मदतीचा ३० टक्के भाग अनुदान आणि ७० टक्के कर्ज. एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष जसा माणशी धान्य मोजतो, आजाऱ्यासाठी थोडे निराळे काढतो, कष्टाळूचे कौतुक करतो, तसेच हे होय. फरक इतकाच की, येथे कर्त्याच्या मनाला वाव ठेवलेला नाही. वजने आधी जाहीर. मग कोणीही कागद-पेन्सिल घेऊन आपला वाटा स्वतः काढावा.

आता आपल्या पंगतीतील तक्रारीकडे वळू. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सरासरीहून अधिक होते. म्हणजे गरीब राज्यांसाठी राखलेल्या १० टक्क्यांत महाराष्ट्राला एक पैही नव्हती. नाशिकात जन्मलेल्या, लोणीच्या शेतकऱ्यांत रमलेल्या माणसाच्या नावाने देश जे सूत्र ओळखतो, त्यात त्याच्या स्वतःच्या राज्यासाठी असे शून्य होते! विदर्भ, मराठवाडा आणि कोकणचे दारिद्र्य त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु राज्याची सरासरी हे माप एकदा मान्य केल्यावर आपल्या घरासाठी ते वाकवावयाचे नाही, हा त्या सूत्राचा प्राण होता. ते वाकवले असते, तर मद्रासने आणि बंगालने ते एक दिवसही मानले नसते.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या सुमारासच गाडगीळ अभ्यासगटाने आणखी एक शिफारस केली. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेने उचलावी, म्हणजे पतपुरवठ्याचा नकाशा जिल्ह्यागणिक मोजता येईल. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. वाई तालुक्यात मोजणी करणाऱ्याचाच हा हात होता. मे १९७१ च्या आरंभी धनंजयरावांचे दिल्लीतील काम संपले आणि ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. विश्रांतीचे दिवस त्यांच्या नशिबी नव्हते.

दारिद्र्याची रेषा

योजना भवनातील दुसरे एक माप मराठी हातांनी अनेक वेळा घडवले व बदलले. १९६२ मध्ये नियोजन मंडळाच्या एका अभ्यासगटाने माणसाला जगावयास महिन्याला किमान वीस रुपये लागतात, असे १९६०-६१ च्या किमतींनुसार सुचवले. त्या गटात गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते. १९७१ मध्ये गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि मूळचे ओरिसाचे नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० उष्मांक देणारा आहार ही कसोटी लावून त्यांनी ग्रामीण भागात ४० टक्के आणि शहरांत ५० टक्के लोक रेषेखाली असल्याचे दाखवले. अशांना काम मिळण्याची हमी द्यावी, हा त्यांचा उपाय होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर राबवली, तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू केला, आणि २००५ मध्ये संसदेने त्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. दिल्लीला महाराष्ट्राने दिलेला सर्वांत मोठा सल्ला कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही याकडे बोट दाखवू.

या मालिकेतील अगदी अलीकडचे नाव सुरेश तेंडुलकर यांचे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. २००८ च्या जागतिक वित्तसंकटात पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. नोव्हेंबर २००९ मधील त्यांच्या अहवालाने केवळ उष्मांकांवर आधारलेली जुनी रेषा सोडून शिक्षण व आरोग्यावरील खर्चही हिशेबात घेतला. परिणामी २००४-०५ सालातील गरिबांचे प्रमाण २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले. ग्रामीण भागात तर ते ४१.८ टक्के ठरले. सरकारला गैरसोयीचे असे हे माप होते. जून २०११ मध्ये तेंडुलकर निवर्तले. त्यानंतर सप्टेंबरात नियोजन मंडळाने त्याच रेषेच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात शहरात ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये रोज असा आकडा दिला, आणि देशभर संतापाची लाट उसळली. ज्याने गरिबांची संख्या वाढवून दाखवली, त्याचेच नाव गरिबांची थट्टा करणारा म्हणून घेतले गेले. मापाच्या वाटेवर कधी कधी असाही न्याय पदरी येतो.

उत्तररंग

मापाचे गुण गाताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. गाडगीळ सूत्रात लोकसंख्येला ६० टक्के आणि दारिद्र्याला अवघे १० टक्के वजन होते. गरीब राज्यांना ते अपुरे वाटले. १९८० मध्ये ते वजन २० टक्के आणि १९९१ मध्ये २५ टक्के झाले. सूत्राच्या बाहेर, निरनिराळ्या मंत्रालयांच्या योजनांतून पैसा वाटण्याची वाट मोकळीच राहिली. त्या योजनांना मर्यादा घालावयाचे ठरूनही त्या वाढत गेल्या. पुढच्या दाराने घालवलेली मर्जी मागच्या दाराने परत आली. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला आणि सूत्राचे युग संपले. परंतु राज्यांचा वाटा जाहीर वजनांनी ठरावा ही कल्पना काही संपली नाही. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने राज्यांतील वाटपात ४७.५ टक्के वजन दुर्बल राज्यांकडे झुकणाऱ्या कसोटीला दिले. पुन्हा एक मराठी अध्यक्ष, आणि पुन्हा महाराष्ट्राला विशेष लाभ न देणारे माप!

राज्याची सरासरी विदर्भ-मराठवाड्याचे दुःख झाकते, ही उणीव महाराष्ट्राने स्वतःच ओळखली. १९८३ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. जिल्ह्याजिल्ह्यातील रस्ते, पाटबंधारे, शाळा, वीज मोजून तिने १९८४ मध्ये सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष दाखवून दिला. जे माप राज्याराज्यांना लावले, ते घरातल्या भावाभावांनाही लावले. अनुशेष भरून निघाला का, हा निराळा आणि दुःखद प्रश्न आहे. परंतु तो मोजला गेला नसता, तर मागण्याला शब्दही मिळाला नसता.

तेव्हा पंगतीतील तक्रारीला आमचे उत्तर असे. आपल्या माणसांनी दिल्लीतून महाराष्ट्रासाठी पोती भरून नेली नाहीत, हे खरे आहे. कधी कधी न्याय्य असेही मागावयास ते कमी पडले असतील, हेही आम्ही मान्य करतो. परंतु वशिल्याने मिळालेले दान वशिला संपताच परत जाते. मुख्यमंत्री बदलला, मंत्री पडला, की झोळी रिकामी. जाहीर मापाने मिळालेला वाटा मात्र हक्काचा असतो. तो मागावयास कोणाच्या दारी ताटकळावे लागत नाही. घरापासून दूर, परक्या भाषेच्या शहरात, ज्यांच्या पाठीशी ना जमीन ना जात ना गाव, अशा आपल्यासारख्यांना हे अधिक कळावयास हवे. आपल्यातील कित्येकांचे वडील स्पर्धा परीक्षेच्या यादीतील क्रमांकावरच या शहरात आले. करोलबाग, सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम येथील सरकारी निवासस्थाने त्यांना मिळाली ती सेवाज्येष्ठतेच्या यादीने. कोणाच्या कृपेने नव्हे. मापाचे राज्य नसते, तर दिल्लीत आपण टिकलोच नसतो.

आपली मुले आता गुडगाव, नोएडा, फरिदाबाद येथील कचेऱ्यांत बसून कंपन्यांना आणि सरकारांना सल्ला देऊ लागली आहेत. त्यांच्यापुढील संकटे निराळी आहेत : तेलाचे भाव, बदलते हवामान, दूरच्या युद्धांची झळ. त्यांना या पूर्वजांकडून तयार उत्तरे मिळणार नाहीत. परंतु तीन गोष्टी मात्र घेता येतील. गोखल्यांप्रमाणे सरकारचा आकडा सरकारपुढेच तपासून ठेवावा. गाडगिळांप्रमाणे जे माप दुसऱ्याला लावू, ते स्वतःच्या घरालाही लावावे. आणि सल्ला विचारण्याची रीतच मोडली गेली, तर चिंतामणरावांप्रमाणे खुर्ची सोडण्याची तयारी असावी. एवढे साधले, तर मंडळाच्या शताब्दीच्या पंगतीत ती जुनी तक्रार ऐकू आली तरी तिला उत्तर देणारे कोणीतरी पानावर बसलेले असेल, असा आम्हांला विश्वास वाटतो.